पिंजऱ्याबाहेरचा डोळा

१६ डिसेंबर १९९४ च्या रात्री अमेरिकेतल्या टल्सा शहरात एका अष्टकोनी पिंजऱ्याभोवती माणसं दाटीवाटीने बसली होती. आत डॅन सेव्हर्न नावाचा धिप्पाड कुस्तीगीर आणि त्याच्यापेक्षा तीसेक किलोंनी हलका ब्राझीलचा रॉयस ग्रेसी यांची झुंज चालू होती. सेव्हर्न वर, ग्रेसी पाठीवर पडलेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी चित्र बदललं नाही. ज्या ओक्लाहोमा राज्यात हे चाललं होतं, ते अमेरिकन कुस्तीचं माहेरघर. विद्यापीठीय कुस्तीची सर्वाधिक राष्ट्रीय विजेतेपदं तिथल्याच ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडे आहेत. त्या प्रेक्षकांना कुस्ती कोणी शिकवायची गरज नव्हती. वरचा जिंकतोय, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

पंधरा मिनिटं ४९ सेकंदांनी सेव्हर्नने हार मानल्याची खूण केली.

खाली पडल्या पडल्या ग्रेसीने एक मांडी सेव्हर्नच्या मानेवर टाकली होती. सेव्हर्नचा एक हात मांड्यांच्या आत अडकलेला, दुसरा बाहेर. मग ग्रेसीने त्या पायाचा घोटा आपल्याच दुसऱ्या गुडघ्यामागच्या खळगीत अडकवला आणि आवळला. मानेच्या एका बाजूला ग्रेसीची मांडी, दुसऱ्या बाजूला सेव्हर्नचा स्वतःचाच खांदा, आणि दोन्हींच्या मध्ये मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या. हा डाव पक्का बसला की काही सेकंदांत शुद्ध हरपते. आज एमएमएच्या (मिश्र मार्शल आर्ट्सच्या) कोणत्याही वर्गात पहिल्या काही महिन्यांत तो शिकवतात. त्या रात्री मात्र सभागृहातल्या बहुतेकांना आपण नेमकं काय पाहिलं, हे कळलं नाही. घरी पैसे भरून पाहणाऱ्या अनेकांना तर तेवढंही मिळालं नाही. कार्यक्रम ठरल्या वेळेपेक्षा लांबला, केबलवरची वेळ संपली आणि ऐन शेवटाला पडदा काळा झाला. या झुंजी भरवणाऱ्या यूएफसी कंपनीला पैसे परत करावे लागले.

प्रेक्षकांची प्रतिक्रिया हा या खेळाच्या इतिहासातला दुय्यम भाग आहे, असं मानण्याची चूक अनेक जण करतात. माझ्या मते तोच मुख्य धागा आहे. माणूस पिंजऱ्याबाहेर बसताना आधीच्या खेळांनी घडवलेला डोळा सोबत घेऊन येतो. त्याला जे दिसतं, त्यावर तो ओरडतो. आणि तो ओरडतो म्हणून पुढे नियम बदलतात, खेळाडू बदलतात, कधी कधी माणसंही मोडतात.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात शाहू महाराजांच्या काळापासून कुस्त्या होत आल्या आहेत. हलगी कडाडत असते, पैलवान खडाखडी करत असतात आणि एखाद्याने घिस्सा लावला की डाव पुरा व्हायच्या आत शिट्टी वाजलेली असते. तिथला प्रेक्षक जगातल्या जाणकार प्रेक्षकांपैकी एक आहे, हे मी छातीठोकपणे सांगेन. पण त्याचा डोळा एका नियमाने घडला आहे. दोन्ही खांदे मातीला टेकले की कुस्ती संपली. आमचे एक मामा तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यांना मी ग्रेसी-सेव्हर्न लढतीची चित्रफीत दाखवली, तेव्हा पहिल्याच मिनिटाला ते म्हणाले, "अरे, पाठ टेकली की त्याची! अजून कशाला चाललंय?" त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? टल्सातल्या माणसांनाही तेच वाटत होतं. ग्रेसीच्या ब्राझिलियन जिउजित्सूत पाठीवर पडणं ही हार नव्हे, तिथून हल्ला सुरू होतो, हे सांगितल्यावर मामांनी फीत मागे न्यायला लावली आणि या वेळी त्यांनी वरच्या माणसाकडे पाहिलंच नाही. ते खालच्याच्या पायांकडे बघत होते. "हां, इथं मान घावली," असं ते सेव्हर्नने हार मानण्याच्या कितीतरी आधी म्हणाले.

डोळा शिकतो आणि अनुभवी डोळा तर फार लवकर शिकतो. पण तोवर खेळ चालवणाऱ्यांना धीर धरता येतोच असं नाही.

टल्सानंतर चारच महिन्यांत, एप्रिल १९९५ मध्ये, शार्लट शहरात ग्रेसी आणि केन शॅमरॉक नावाचा लढवय्या समोरासमोर आले. या वेळी वेळेची मर्यादा होती, पण निकाल द्यायला पंच नव्हते. दोघेही एकमेकांना पुरते ओळखून होते. शॅमरॉक वर राहिला, ग्रेसीने त्याला खालून अडकवून ठेवलं आणि ३६ मिनिटं जवळजवळ काहीच घडलं नाही. लोकांनी हुर्यो उडवली. लढत बरोबरीत सुटली. त्याच वर्षाच्या डिसेंबरपर्यंत निकाल देणारे पंच आणले गेले. पुढे १९९९ मध्ये पाच मिनिटांच्या फेऱ्या आल्या आणि २००१ मध्ये न्यू जर्सीत एकत्रित नियमावली ठरली. जमिनीवर काहीच घडत नसेल तर दोघांना उभं करायचा अधिकार मध्यस्थाला मिळाला. या बदलांमागे राजकारण होतं, डॉक्टरांचे आक्षेप होते आणि दूरचित्रवाणीचं वेळापत्रकही होतं. पण कंटाळलेल्या प्रेक्षकाचा आवाज त्यात सर्वात मोठा होता. ग्रेसीच्या पद्धतीचा पायाच मुळी वेळ हा होता. दमलेला मोठा माणूस कधी ना कधी चूक करेल, तोवर थांबायचं. घड्याळ आलं आणि तो पाया सरकला.

आता जपानकडे वळू, कारण जपानी प्रेक्षकांबद्दल एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो: ते स्वभावतःच शांत, शिस्तीचे आणि जाणकार असतात.

२६ जून १९७६ रोजी टोकियोच्या निप्पॉन बुदोकानमध्ये मुष्टियुद्धाचा जगज्जेता मोहम्मद अली आणि कुस्तीगीर अँटोनिओ इनोकी यांची लढत झाली. पंधरा फेऱ्यांची. पहिली घंटा होताच इनोकी धावत गेला, जमिनीवर आडवा झाला आणि अलीच्या पायांवर लाथा मारू लागला. जवळजवळ पूर्ण लढत तो तसाच राहिला. अलीने साऱ्या लढतीत मारलेले ठोसे बोटांवर मोजण्याइतके होते. लढत बरोबरीत सुटली, तेव्हा प्रेक्षकांनी रिंगकडे कचरा भिरकावला आणि पैसे परत मागितले. तेच शिस्तीचे जपानी प्रेक्षक! इनोकीच्या लाथांनी अलीच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, त्याला इस्पितळात जावं लागलं, हे नंतर कळलं. आज एखादा एमएमए पाहणारा ती लढत पाहतो तेव्हा त्याला दिसतं की इनोकी पद्धतशीरपणे अलीचा पाय निकामी करत होता. १९७६ च्या बुदोकानात ते पाहायचा डोळाच नव्हता. लोक ठोसा पाहायला आले होते आणि दिसत होता तो पाठीवर सरपटणारा माणूस.

त्यानंतर २४ वर्षांनी, १ मे २००० रोजी, त्याच शहरातल्या टोकियो डोममध्ये जपानचा काझुशी साकुराबा आणि तोच रॉयस ग्रेसी लढले. ग्रेसीच्या घराण्याने अट घातली होती की फेऱ्यांना मर्यादा नको. पंधरा-पंधरा मिनिटांच्या सहा फेऱ्या झाल्या. म्हणजे दीड तास. अमेरिकेत ३६ मिनिटांना वैतागलेली गर्दी आठवा आणि हा दीड तास डोळ्यांसमोर आणा. टोकियोचे प्रेक्षक बसून राहिले. कोणी कोणाच्या पायांच्या पकडीतून गुडघा सोडवून घेतला की टाळ्या पडत. डाव हुकला तरी दाद मिळे. मध्ये इतकी शांतता असे की कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांच्या सूचना ऐकू याव्यात. सहाव्या फेरीनंतर ग्रेसीच्या भावाने टॉवेल टाकला. लाथांनी रॉयसचा पाय गेला होता. अलीचा गेला होता तसाच, आणि या वेळी सभागृहाला ते घडताना दिसत होतं. साकुराबा मग त्याच रात्री इगोर व्होव्हचान्चिन या जड वजनाच्या ठोसेबाजाशी आणखी पंधरा मिनिटं लढला.

साकुराबा घरचा माणूस होता, त्यामुळे धीर धरणं सोपं गेलं, हे मान्य करायला हवं. पण मधल्या २४ वर्षांत बरंच काही घडलं होतं. ज्यूदो तर शाळाशाळांत होताच. १९८० च्या दशकात जपानी व्यावसायिक कुस्तीत एक शाखा फुटली, जिने खोट्या उड्या कमी करून खरे सांधे पिळणारे डाव दाखवायला सुरुवात केली. साकुराबा त्याच शाखेतून आला. शूटो, पँक्रेस अशा संघटना उभ्या राहिल्या. हाताची कोपरातून कैची कशी बसते, सुटायचं कसं, हे शनिवार-रविवारच्या खेळांतून लोकांच्या अंगवळणी पडलं. टोकियो डोममधली शांतता शिकून आलेली होती.

शिकलेली शांतता वेगळी आणि ओढवलेली शांतता वेगळी. दुसरीची साक्ष फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात मिळते. ९ मे २०२० रोजी तिथे कोरोनाकाळातली यूएफसीची पहिली मोठी रात्र रिकाम्या सभागृहात झाली. लाथ मांडीवर बसल्याचा आवाज खोलीत दार आपटल्यासारखा येत होता. त्या रात्री लढणाऱ्या ग्रेग हार्डीला तर पिंजऱ्याबाहेर समालोचन करणाऱ्या डॅनियल कॉर्मियरचं बोलणंच ऐकू आलं. पायावर येणाऱ्या लाथा नडगीने अडवायला हव्यात, असं कॉर्मियर म्हणत होता. हार्डीने ते ऐकून तसंच केलं, लढत जिंकली आणि नंतर त्याचे आभार मानले. गर्दी नसली की लढत किती उघडी पडते, हे त्या रात्री साऱ्या जगाला कळलं.

२४ एप्रिल २०२१ ला त्याच सभागृहात १५,२६९ माणसं आली. वर्षभर घरात कोंडलेली. ही रात्र मी प्रेक्षकशास्त्राचा धडा म्हणून पुन्हा पुन्हा पाहतो, कारण गर्दीचे सगळे चेहरे तिच्यात आहेत.

यूट्यूबवरून मुष्टियुद्धात आलेला जेक पॉल प्रेक्षकांत बसला होता. आठवड्यापूर्वीच त्याने बेन अ‍ॅस्क्रेन या माजी यूएफसी कुस्तीगीराला हरवलं होतं. तो पडद्यावर दिसताच हजारो माणसांनी एका सुरात त्याच्या नावाने अर्वाच्य घोषणा सुरू केल्या. पिंजऱ्यात लढत चालू असताना! त्या क्षणी घाम गाळणारे दोघे त्यांच्यासाठी नव्हतेच.

मग ख्रिस वाइडमन आणि युरायह हॉल. वाइडमनने सुरुवातीलाच पायावर लाथ मारली. हॉलने गुडघा उचलून नडगीने अडवली. वाइडमनने पाय मागे घेऊन त्यावर भार टाकला आणि गुडघ्याखालचं हाड दुमडलं. सतरा सेकंद. हॉलने एकही फटका न मारता लढत जिंकली होती. पंधरा हजारांचं सभागृह गप्प झालं. ज्यांना आठवत होतं त्यांच्यासाठी ती शांतता आणखी जड असणार. २०१३ च्या डिसेंबरमध्ये याच वाइडमनने अँडरसन सिल्वाची लाथ अशीच अडवली होती आणि सिल्वाचा पाय असाच मोडला होता. लाथ नडगीने अडवणं हा या खेळातला साधा बचाव. जॅक्सनव्हिलमध्येच वर्षभरापूर्वी कॉर्मियर जे सुचवत होता, तेच हे. त्याचा मार किती असतो, ते इतक्या उघडपणे क्वचित दिसतं. हॉलने आनंद साजरा केला नाही. तो वाइडमनबद्दल आदराने बोलला आणि गर्दीने त्याचं ऐकून घेतलं.

थोड्याच वेळाने तीच गर्दी वेगळी झाली. चीनची विजेती झांग वेइली पिंजऱ्याकडे निघाली तेव्हा जोरात हुर्यो झाली. तिची प्रतिस्पर्धी रोझ नामाजुनासचं घराणं लिथुआनियाचं, सोव्हिएत राजवटीचा जाच सोसलेलं. लढतीआधी तिने कम्युनिझमविरोधी घोषवाक्य उच्चारून झांगला कम्युनिस्टांच्या लाल रंगाशी जोडलं होतं. घराण्याच्या जखमेतून माणूस बोलतो, ते मला समजतं. पण झांग ही एक खेळाडू होती. वर्षभरापूर्वी लास वेगासमध्ये योआना येंद्रेइचिकबरोबरची तिची पाच फेऱ्यांची लढत अमेरिकन प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली होती. त्यानंतर तिच्या खेळात काही बदललं नव्हतं. बाहेरचं जग बदललं होतं आणि त्याचा राग तिच्यावर निघाला. ७८ सेकंदांत नामाजुनासच्या डाव्या पायाची लाथ झांगच्या डोक्याला लागली आणि लढत संपली. लाथ अप्रतिम होती. हुर्योमुळे ती बसली, असं कोणी म्हणू नये. पण त्या हुर्योचं समर्थनही कोणी करू नये.

रात्रीचा शेवट कमारू उस्मान आणि मायामीच्या होर्हे मासविदालचा. गर्दी अर्थातच फ्लोरिडाच्या पोराची. उस्मानने आधीच्या वर्षी अबुधाबीत त्याला जाळीशी दाबून, पायावर पाय आपटत, पाच फेऱ्या गुणांवर हरवलं होतं आणि चाहत्यांनी ती लढत रटाळ म्हणून हिणवली होती. या वेळी दुसऱ्या फेरीच्या पहिल्याच मिनिटाला उस्मानचा उजवा ठोसा मासविदालच्या जबड्यावर बसला आणि तो खाली कोसळला. ज्याला हुर्यो मिळाली होती, त्याच्यासाठी सभागृह उसळलं. दोन्ही वेळा विजय उस्मानचाच होता. पहिला विजय अधिक अवघड होता, असं मला वाटतं. एका तगड्या माणसाला पंचवीस मिनिटं जागचं हलू न देणं म्हणजे काय, ते कोणत्याही पैलवानाला विचारा.

हरल्यावर चाहते काय करतात, याबद्दलही लिहायला हवं. १५ नोव्हेंबर २०१५ ला मेलबर्नमध्ये ५६,२१४ प्रेक्षकांसमोर रॉन्डा राऊझी होली होल्मकडून हरली. तोवर ती अजिंक्य होती. चौदा सेकंद, चौतीस सेकंद असे तिचे विजय लोकांना पाठ होते. पराभवाच्या रात्रीपासून तिच्या बेशुद्ध पडलेल्या चेहऱ्याची चित्रं करून जगभर हसण्यात आलं आणि कालपर्यंतचे भक्त त्यात पुढे होते. काही महिन्यांनी तिने दूरचित्रवाणीवर सांगितलं की पराभवानंतर वैद्यकीय खोलीत बसली असताना तिच्या मनात जीव द्यायचे विचार आले होते. तिची लढतीआधीची भाषा उद्धट होती, हे खरं. तरीही हे फार होतं.

आपल्याकडे हा खेळ थाटात आणायचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईत झाला. राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी सुपर फाइट लीग काढली आणि मार्च २०१२ मध्ये अंधेरी क्रीडा संकुलात पहिली रात्र भरवली. मुख्य लढतीला बॉब सॅप हा अवाढव्य अमेरिकन आणला होता. पहिल्याच फेरीत पायाची दुखापत होऊन तो हरला. नव्या प्रेक्षकाला खेळ शिकवायची ती संधी होती आणि ती आकारमानावर खर्च झाली, असं माझं मत आहे. मुंबईचा भरत खंडारे २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला तेव्हा त्याच्यामागे असा शिकलेला प्रेक्षक उभा राहायला हवा होता. आता तो हळूहळू तयार होतोय. अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात घराघरांतली पोरं साडेसात-आठला पोह्यांची बशी घेऊन पडद्यासमोर बसतात.

त्यांनी गुणदानाचा क्रम तेवढा लक्षात ठेवावा. पंच आधी परिणामकारक फटके आणि पकडी पाहतात. कोण पुढे चालून जातोय, पिंजऱ्याचा मध्य कोणाकडे आहे, हे मुद्दे पहिल्यात बरोबरी असेल तरच येतात. गर्दी बहुधा उलट करते. पुढे चालणाऱ्याला ती जिंकवते, हातमोज्यांवर अडलेल्या ठोशालाही ओरडते आणि मांडीवर बसलेली लाथ तिच्या नजरेतून सुटते.

८ जून २०२४ ला लुईव्हिल शहरात उत्तर प्रदेशची पूजा तोमर ब्राझीलच्या रायान डॉस सांतोसशी तीन फेऱ्या लढली. पूजा वुशूतून आलेली, लाथांवर भर देणारी. निकाल पूजाच्या बाजूने लागला आणि यूएफसीत लढत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. पण पिंजऱ्याशेजारी बसलेल्या तीन पंचांपैकी एकाने तिन्ही फेऱ्या पूजाला दिल्या, दुसऱ्याने तिन्ही रायानला आणि तिसऱ्याने पूजाला २९-२८. ही लढत आवाज बंद करून पाहा. प्रत्येक फेरी संपली की समालोचन न ऐकता आपले गुण कागदावर लिहा आणि मगच ते तीन आकडे त्यांच्या शेजारी मांडा.